सिंगल लिव्हर शॉवर गळतोय? बेळगाव भागातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टिळकवाडीतला फ्लॅट असो, शहापूर-वडगावातलं जुनं घर असो की अथणी-चिकोडीकडचा नवा बंगला, आता बहुतेक बाथरूममध्ये एकाच दांड्याचा मिक्सर असतोय. वर उचलला की पाणी सुरू, डावीकडं गरम, उजवीकडं गार. कोण त्याला सिंगल लिव्हर म्हणतं, कोण कन्सील्ड डायव्हर्टर, कोण नुसता मिक्सर. तो गळायला लागला की घरातले घाबरतात, कारण बॉडी भिंतीत गाडलेली, म्हणजे आता टाईल फोडावी लागणार. बहुतेक वेळा तसं काही नसतंय. गळणारा भाग म्हणजे आतली कार्ट्रिज, पाणी उघडबंद करणारा छोटा प्लास्टिकचा डबा, तो समोरनंच निघतो आणि समोरनंच बसतो. मी उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या कामात आहे, दिवसभर सील आणि ओ-रिंगच (गळती अडवणारी रबरी कडी) हातात असतात, म्हणून गल्लीतले आणि नात्यातले लोक हेच प्रश्न विचारत असतात. सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवली.

शॉवर बंद केला तरी थेंब थेंब पाणी गळूलालंय. कार्ट्रिज गेली असं समजायचं का?

लगेच तसं समजू नका. शॉवरच्या दांडीत आणि वरच्या मोठ्या थाळीत पाणी साठून राहतं, ते बंद केल्यावर हळूहळू गळतं. आठ इंची रेन शॉवर असेल तर बराच वेळ गळत राहतो आणि मधेच धक्का लागला किंवा हवा शिरली की एकदम भसकन थोडं पाणी पडतं, त्यात बिघाड काही नाही. खरी परीक्षा रात्री. सगळ्यांच्या अंघोळी झाल्यावर तासाभरानं शॉवरखाली कोरडा तांब्या किंवा मग ठेवा आणि सकाळी बघा. चमचाभर पाणी असेल तर ते दांडीतलं. तांब्या भरला असेल तर मिक्सर पूर्ण बंद होत नाही.

अजून खात्री पाहिजे असेल तर गळत असतानाच टाकीखालची चावी आणि गरम लाईनीची चावी दोन्ही बंद करा. थोड्या वेळात गळणं थांबलं तर पाणी मिक्सरमधनंच येत होतं.

पाणी नक्की कुठनं येतंय हे कसं ओळखायचं? भिंत फोडायला लागेल का?

हत्यार हातात घ्यायच्या आधी पंधरा मिनिटं नुसतं बघत बसा, अर्धं काम तिथंच होतं. गळती वेगवेगळ्या जागची असते आणि प्रत्येकीचं कारण वेगळं.

शॉवरमधनं किंवा खालच्या स्पाउटमधनं (बादलीच्या नळातनं) बंद असताना थेंब येत असेल तर कार्ट्रिज किंवा तिच्या बुडातली सीलं. लिव्हरच्या मागनं, म्हणजे दांडा जिथं आत जातो तिथनं झिरपत असेल तर आतला पितळी नट सैल झालाय किंवा कार्ट्रिजची ओ-रिंग गेलीये. शॉवर चालू असतानाच खालच्या स्पाउटमधनंही पाणी येत असेल तर डायव्हर्टरचा भाग, म्हणजे पाणी शॉवरकडं की स्पाउटकडं ते वळवणारा, त्याचा प्रश्न खाली वेगळा घेतलाय. ही तिन्ही कामं टाईलला हात न लावता होतात.

चौथा प्रकार भिंतीतला. पलीकडच्या खोलीत ओल, रंगाचे पोपडे, किंवा मिक्सरच्या गोल पत्र्याच्या म्हणजे फ्लँजच्या खालनं ओघळ. इथं ओल कधी वाढते ते बघा. चार दिवस शॉवर वापरलाच नाही तरी वाढत असेल तर मिक्सरपर्यंत येणाऱ्या गरम-गार लाईनीच्या जॉईंटला गळती आहे, कारण त्यात पाण्याचा दाब चोवीस तास असतो. फक्त शॉवर चालवल्यावर वाढत असेल तर मिक्सरपासून वर शॉवरकडं जाणारा पाईप किंवा वरचा एल्बो, म्हणजे पाईपचा वळणाचा तुकडा. आणि शॉवर न लावता नुसत्या बादलीनं अंघोळ केली तरी वाढत असेल तर पाईपचा काही संबंध नाही, टाईलच्या सांध्यातनं आणि फरशीतनं पाणी मुरतंय. हे सगळं काही दिवस नीट बघून मग गवंड्याला बोलवा. आमच्याकडं चुकीची भिंत फोडून ठेवलेली घरं मी बघितलीत, खर्च होतो, बाथरूम बंद पडतं आणि गळती तिथंच.

एवढ्या थेंबांनी असं किती पाणी जातंय?

मोजून बघा की. तासभर मग ठेवा. २०० मिली जमलं तर दिवसाला ४.८ लिटर, वर्षाला साधारण १,७५० लिटर, म्हणजे हजार लिटरच्या टाकीच्या पावणेदोन टाक्या. गरम बाजूनं गळत असेल तर गिझरची वीजही त्यातनं जाते आणि हेस्कॉमच्या बिलात दिसते. एप्रिल-मे मध्ये रायबाग-अथणीकडं टँकरची वाट बघणारी घरं आहेत, त्यामुळं थेंबच तर आहे म्हणून सोडून देऊ नका.

पाणी कुठनं बंद करायचं? मिक्सरखाली तर चावीच नाही.

आपल्याकडच्या बहुतेक कन्सील्ड मिक्सरला स्वतःची चावी नसते, आणि कामात लोक अडकतात ते इथंच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गार पाण्यासाठी गच्चीवरच्या टाकीखालचा गेटवॉल्व. काही घरात बाथरूमच्या दारावर किंवा डक्टमध्ये त्या बाथरूमपुरता वेगळा कन्सील्ड वॉल्व असतो, तो असेल तर नशीब. गेटवॉल्व वर्षानुवर्षं फिरवलेला नसेल तर जोर लावू नका, थोडा बंद थोडा उघड असं हलवत हलवत बंद करा, नाहीतर आतला दांडा तुटतो आणि अख्खी टाकी रिकामी करायची वेळ येते.

गरम पाण्यासाठी, गिझर असेल तर आधी त्याचा एमसीबी (वीजेच्या बोर्डातला ट्रिप होणारा स्विच) खाली पाडा, बटण नुसतं बंद करून भागत नाही. मग गिझरच्या गार पाण्याच्या नळीवरचा अँगल कॉक बंद करा. आत पाणी जायचं थांबलं की बाहेर येणारंही थांबतं, पाईपमधलं थोडं तेवढं येईल.

सोलर असेल, आणि बेळगावात आता घरोघरी गच्चीवर सोलर आहे, तर सोलर टाकीतनं बाथरूमकडं येणाऱ्या गरम लाईनीचा वॉल्व बंद करायचा. गार टाकी बंद केली म्हणजे गरमही बंद झालं असं धरून मिक्सर उघडला तर सोलरचं कढत पाणी थेट हातावर येतं. दुपारचं पाणी साठ अंशाच्या वर सहज जातं, त्यात हात भाजतो. म्हणून हे काम सकाळी सगळ्यांच्या अंघोळी आटोपल्यावर करा, तेव्हा सोलरमधलं गरम पाणी संपत आलेलं असतं. आणि सोलर टाकीवरनं उभा गेलेला जो उघडा पाईप असतो, तो हवेचा, त्याला कधीही बूच मारायचं नाही, कुणी कितीही सांगू दे.

सगळं बंद केल्यावर लिव्हर वर उचलून मधोमध ठेवा आणि पाणी निथळू द्या. धार थांबून नुसते थेंब यायला लागले की मग पुढचं काम. घरातल्यांना सांगून ठेवा, नाहीतर कोणतरी "पाणी का येईना" म्हणून वर जाऊन चावी उघडतं.

हत्यारं काय काय लागतात?

एलन की चा सेट (बहुतेक २.५ किंवा ३ मिमीची लागते), एक चांगला स्क्रू पाना, बारीक स्क्रू ड्रायव्हर, जुना टूथब्रश, व्हिनेगर, सिलिकॉन ग्रीसची छोटी डबी, सुती फडकी आणि टॉर्च. पाईप पाना घेऊ नका, त्याचे दात क्रोमवर उमटतात ते कायमचे. आणि सगळ्यात आधी मोरीच्या जाळीवर फडकं टाका, एलन स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा असतो, जाळीतनं गेला की गेला.

लिव्हर निघतच नाही, स्क्रू कुठं दिसत नाही.

लिव्हरवर लाल-निळ्या खुणेचं छोटं प्लास्टिकचं बटण असतं, समोर नाहीतर दांड्याच्या खालच्या अंगाला. ते नखानं किंवा टोकाला टेप गुंडाळलेल्या बारीक स्क्रू ड्रायव्हरनं उचकटा, आत एलन स्क्रू दिसतो. तो पूर्ण काढायची गरज नसते, तीन-चार आटे सैल केला की लिव्हर सरळ पुढं ओढून निघतो. क्षार बसून चिकटला असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा आणि परत हलवत ओढा. हातोडी नको. मागची बॉडी सीपीव्हीसीच्या म्हणजे प्लास्टिकच्या पाईपला जोडलेली असते, बाहेरचा धक्का सरळ त्या जॉईंटला लागतो.

आतनं कार्ट्रिज काढायची कशी?

पहिलं म्हणजे मोबाईलवर फोटो काढत जा, प्रत्येक टप्प्याचा. जोडताना हेच फोटो उपयोगी पडतात.

लिव्हर निघाल्यावर एक क्रोमची घुमटी दिसते, ती आट्याची असते, हातानं डावीकडं फिरवून सुटते, ओलं रबरी हातमोजं घातलं की पकड बरी बसते. तिच्या आत पितळी नट असतो, कार्ट्रिजला बॉडीत दाबून धरणारा. स्क्रू पाना त्याला घट्ट बसवून डावीकडं सावकाश जोर द्या. हललाच नाही तर व्हिनेगरचं फडकं परत, थांबा, परत बघा. तरीही हलला नाही आणि पाना फिरवताना अख्खी बॉडी भिंतीत हलते असं वाटलं, तर तिथंच थांबायचं. जबरदस्ती केली तर भिंतीतला आटा फुटतो आणि साधं काम टाईल फोडण्यावर जातं.

नट निघाला की कार्ट्रिज सरळ बाहेर ओढा, वाकडीतिकडी नाही. हातात येतो तो प्लास्टिकचा गोल डबा, वर पितळी नाहीतर स्टीलचा दांडा, आणि बुडाला रबरी सील बसलेली भोकं, एक गरमचं, एक गारचं आणि मॉडेलप्रमाणं बाहेर जाणाऱ्या पाण्याचं. बुडालाच दोन छोट्या खुंट्या असतात, त्या बॉडीतल्या खाचेत बसतात. ही जागा टॉर्च लावून बघा. बेळगावात पावसाळ्यानंतर उघडलेल्या मिक्सरमध्ये सीलच्या खाचेत नखानं खरवडलं तर तांबडा मऊ गाळ निघतो, अथणी-रायबागकडच्या बोअरवेलच्या घरात तिथंच पांढरा कडक थर असतो, टूथब्रशनं निघतच नाही. गळतीचं कारण तिथंच हातात येतं.

बॉडीच्या आतली बसकी जागा व्हिनेगर आणि टूथब्रशनं साफ करा, कापडानं पुसा, बोट फिरवून बघा, गुळगुळीत लागली पाहिजे. तिथं खोल खड्डा किंवा चरा असेल तर नवीन कार्ट्रिजही नीट बसणार नाही. बाथरूम साफ करायचं ॲसिड मात्र आत ओतू नका, पितळ आणि क्रोम दोन्ही खातं. शेवटी समोर बादली धरून, गिझर बंद ठेवूनच, गार लाईन क्षणभर उघडून बंद करा, पाईपातला कचरा बाहेर पडतो.

दुकानात काय मागायचं? बेळगावात मिळतंय का?

जुनी कार्ट्रिज खिशात घालून जा. फोटोवरनं, नाहीतर "जॅग्वारची द्या, हिंदवेअरची द्या" असं नुसतं सांगून आणू नका, एकाच कंपनीत पाच प्रकार असतात. व्यास बहुतेक ३५ किंवा ४० मिमी असतो, पण व्यास जुळला म्हणजे झालं असं नाही. काउंटरवर दोन्ही शेजारी उभ्या करून उंची बघा, दांड्याचं टोक चौकोनी की गोल ते बघा, बुडाच्या खुंट्या कुठं आहेत ते बघा, भोकं किती आणि कुठल्या जागी ते बघा. यातलं एक जरी वेगळं असेल तर घेऊ नका, दुकानदार "बसतंय हो" म्हणाला तरी. शॉवरच्या डायव्हर्टरमध्ये मिक्सरची एक कार्ट्रिज आणि शॉवर-स्पाउट बदलायची दुसरी अशा दोन असू शकतात, कुठली गळतीये ते ठरवून मगच जा.

शहरात सॅनिटरीची मोठी दुकानं भरपूर आहेत, नावाजलेल्या ब्रँडचा स्पेअर एक-दोन दिवसात मागवूनही देतात. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, ते तिकडनं आणतात. बॉडी चांगल्या कंपनीची असेल तर कार्ट्रिजही त्याच कंपनीची घ्या असं माझं ठाम मत आहे. स्वस्तातली लोकल दिसायला तशीच असते पण सीलचं रबर लवकर कडक होतं आणि तेच काम परत करावं लागतं.

नुसती ओ-रिंग बदलून भागणार नाही का?

भागतं, पण कधी ते समजून घ्या. कार्ट्रिजच्या पोटात सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात, ॲल्युमिना नावाच्या फार कडक मालाच्या, आरशासारख्या घासलेल्या, एकीवर दुसरी सरकते आणि भोकं उघडतात-झाकतात. त्या चकत्यांमध्ये फट पडली, क्षार बसले किंवा टवका उडाला की ओ-रिंग बदलून काही उपयोग नाही, पूर्ण कार्ट्रिजच बदलायची. पण गळती दांड्याच्या मागनं असेल किंवा कार्ट्रिजच्या बुडाखालनं पाणी निसटत असेल, तर चकत्या ठीक असतात आणि नुसतं रबर थकलेलं असतं. जुनी ओ-रिंग बोटांच्या चिमटीत दाबून बघा. एका बाजूनं चपटी झालेली, दाबली तरी गोल न होणारी, किंवा ताणल्यावर बारीक भेगा दिसणारी असेल तर गेली.

इथं आपल्या गावाचा एक फायदा आहे. उद्यमबागेत हायड्रॉलिकचे एवढे कारखाने आहेत की सील आणि ओ-रिंगची दुकानंही तशीच आहेत, सॅनिटरीवाल्याकडं न मिळणारी साईज तिथं मिळून जाते. जुनी रिंग घेऊन जा, आतला व्यास आणि जाडी मोजून देतात. फक्त एक सांगायचं, पाण्यासाठी पाहिजे, तेही गरम पाण्यासाठी. हायड्रॉलिकला नायट्राईल रबर चालतं कारण ते तेल सोसतं, गार पाण्यातही ते टिकतं, पण सोलरच्या कढत पाण्यात ईपीडीएम नावाचं रबर जास्त बरं. ईपीडीएमचं उलटं आहे, त्याला तेल आणि साधं ग्रीस चालत नाही, फुगतं. म्हणून व्हॅसलिन, बेअरिंगचं ग्रीस, खोबरेल काही लावायचं नाही, फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल इतकंच.

बसवताना काय काळजी घ्यायची?

खुंट्या खाचेत बसल्या पाहिजेत, कार्ट्रिज सपाट टेकली पाहिजे, डुगडुगता कामा नये. नट आधी हातानं फिरवा, आटा सरळ धरला की सहज फिरतो, अडला तर काढून परत लावा. हातानं घट्ट झाल्यावर पान्यानं पाव फेरा, फार तर थोडं जास्त. जास्त आवळलं म्हणजे जास्त चांगलं असं इथं नसतंय, लिव्हर जड होतो आणि प्लास्टिकचा डबा चिरतो.

घुमटी आणि लिव्हर लावायच्या आधीच तपासा. लिव्हर नुसता अडकवून मधोमध उघडा ठेवा, वरची चावी हळूहळू उघडा, हवा फुसफुसत बाहेर पडू द्या, मग बंद करून नटाभोवती कोरडा वर्तमानपत्राचा तुकडा धरा. ओला झाला नाही तर सगळं लावून टाका. गिझरचा एमसीबी मात्र गरम लाईनीतनं सलग धार यायला लागल्यावरच वर करा.

फ्लँज भिंतीला सिलिकॉननं चिकटवणार असाल तर वर आणि दोन्ही बाजूंना लावा, खालची बाजू उघडी सोडा. उद्या आत गळलंच तर पाणी खालनं बाहेर येऊन तुम्हाला कळेल, भिंतीत मुरणार नाही.

नवीन कार्ट्रिज टाकली, आता गरमच्या जागी गार येतंय.

कार्ट्रिज अर्धा फेरा उलटी बसलीये. खुंट्या दोन्हीकडनं बसत असतील तर काढून फिरवून बसवा. बसत नसतील तर मूळ फिटिंगमध्येच लाईनी उलट्या आहेत, नियम डावीकडं गरम उजवीकडं गार असा. घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तर हे तसंच ठेवू नका, सवयीनं लिव्हर फिरवला की अंगावर कढत पाणी येतं.

शॉवर चालू असताना खालच्या स्पाउटमधनंही पाणी येतंय.

डायव्हर्टरच्या बटणाचं वायसर गेलंय किंवा त्यात क्षार अडकलेत. बटण किंवा नॉब आट्यानं निघतो, आतला दांडा ओढून व्हिनेगरमध्ये तासभर ठेवा, वायसर बदला. एक मात्र बघा, शॉवरच्या थाळीची भोकं क्षारानं बुजली असतील तर पाणी वर जायला वाट मिळत नाही आणि खालनं निघतं. मग आधी थाळी साफ करा, प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर घालून रात्री बांधून ठेवली तरी चालतंय.

कार्ट्रिज बदलून वर्षही झालं नाही, परत गळायला लागली. का?

पाणी बघा. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल या दोन धरणांचं पाणी येतं, ते तसं मऊ, म्हणजे क्षार कमी, पण पुरवठा खंड पडून परत सुरू झाला की पाईपातला गाळ ढवळून येतो, आणि पावसाळ्यात तर जास्तच. टाकी दोन-दोन वर्षं धुतली नाही तर तोच गाळ बुडाशी बसतो. जुन्या घरात जीआयचे म्हणजे लोखंडी पाईप असतील तर गंजाचे कण सुटून चकत्यांमध्ये जातात. बोअरवेलवर असाल तर क्षार. गाळ आणि क्षार या दोन्हींना उपाय वेगळा आहे, गाळासाठी टाकीच्या आउटलेटला जाळीचा फिल्टर बसवा आणि महिन्याला जाळी धुवा, क्षारासाठी मात्र जाळी काही करत नाही. तिथं लिव्हर रोज पूर्ण डावीकडनं उजवीकडं एकदा फिरवायची सवय ठेवा म्हणजे एकाच जागी थर जमत नाही, आणि गिझरचा थर्मोस्टॅट ५०-५५ वर ठेवा, पाणी जितकं जास्त तापेल तितके क्षार जास्त बसतात.

अजून एक कारण प्रेशर पंप. टाकी शॉवरच्या तीन मीटर वर असेल तर दाब फक्त ०.३ बार असतो, दहा मीटर उंचीला एक बार असा हिशोब. पंप बसवला की तोच दाब दोन-तीन बारवर जातो आणि आतापर्यंत कशीबशी धरून असलेली जुनी सीलं गळायला लागतात. पंपाचं प्रेशर कमी करता येत असेल तर करून बघा, घरच्या शॉवरला दीड-दोन बार पुष्कळ झालं.

बेसिनच्या गार नळाला गरम पाणी येतंय, सोलर टाकीच्या पाईपातनं वर पाणी उडतंय. याचा शॉवरशी संबंध आहे का?

आहे. मिक्सरमध्ये गरम आणि गार एका जागी भेटतात. एका लाईनीचा दाब जास्त असेल, समजा पंप फक्त गार लाईनीवर लावलाय, तर जास्त दाबाचं पाणी मिक्सरमधनं दुसऱ्या लाईनीत घुसतं. हे जास्त करून होतं ते हँड शॉवरचं बटण दाबून पाणी थांबवलं आणि लिव्हर तसाच उघडा ठेवला की. आधी ती सवय मोडा, काम झालं की लिव्हरच बंद करायचा. तरी होत असेल तर दोन्ही लाईनींवर नॉन रिटर्न वॉल्व (पाणी उलटं जाऊ न देणारा) बसवून घ्या. लिव्हर पूर्ण बंद असतानाही होत असेल तर कार्ट्रिजच्या आतनं गळती आहे, थेंब बाहेर दिसत नसला तरी.

लिव्हरला ओल्या हातानं धरल्यावर झिणझिण्या येतात.

हे प्लंबिंग नव्हे. आत्ता लगेच गिझरचा एमसीबी पाडा आणि इलेक्ट्रिशियननं गिझरचं एलिमेंट आणि घराचं अर्थिंग तपासेपर्यंत त्या बाथरूममध्ये कुणालाही अंघोळीला जाऊ देऊ नका. थोडंच येतंय, चप्पल घालून करू, असं करू नका. यात माणसं गेलीत.

यूट्यूबवर दाखवतात तसली पिन आणि पुलर (कार्ट्रिज ओढायचं हत्यार) आमच्यात नाही.

ते व्हिडिओ अमेरिकेतले. एका दांड्याचा नळ मुळात तिकडचा, १९३७ साली अल मोएन नावाच्या पोराचा हात कढत पाण्यानं भाजला आणि त्यातनं त्यांनी ही कल्पना काढली असं सांगतात. तिकडच्या काही वॉल्वमध्ये पितळी नळकांडं यू आकाराच्या पिननं अडकवलेलं असतं, काहींत बॉल आणि स्प्रिंग असतात. आपल्याकडच्या मिक्सरमध्ये बहुतेक पितळी नट आणि सिरॅमिक कार्ट्रिज, त्यामुळं तो पुलर विकत घेऊ नका.

प्लंबरला कधी बोलवायचं?

नट हलत नसेल, बॉडी भिंतीत हलत असेल, आतली बसायची जागा खड्ड्याची झाली असेल, किंवा ओल भिंतीतनं येत असेल तेव्हा. आणि बोलवल्यावर तुम्ही काय काय बघितलं, ओल कधी वाढते, कुठली चावी बंद केल्यावर थांबते हे त्याला सांगा. चांगला माणूस हे ऐकून घेतो आणि टाईल फोडायचीच झाली तर नेमकी एक-दोनच फोडतो, जमलं तर मागच्या खोलीच्या बाजूनं, जिथं टाईल नाही. भाड्याच्या घरात असाल तर भिंतीतल्या कामाला आधी मालकाला दाखवा, फोटो पाठवून ठेवा. कार्ट्रिजचं काम मात्र विचारून स्वतः करायला हरकत नाही, जुनी जपून ठेवा.

मिक्सर कोल्हापुरातनं घेतलाय, वॉरंटी इकडं चालेल का?

वॉरंटी कंपनी देते, त्यामुळं दुकान कुठल्या राज्यात आहे ते अडत नाही, पण बिल लागतं. कार्डावर किंवा खोक्यावर असलेल्या कस्टमर केअरच्या नंबरवर फोन करून आपला पिनकोड सांगा. आणि हे मिक्सर उघडायच्या आधी करा, कारण बाहेरच्या माणसानं खोललेलं दिसलं की बऱ्याच कंपन्या हात वर करतात. क्षारानं झालेला बिघाड वॉरंटीत धरतात की नाही ते कार्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, बोअरवेलवाल्यांनी तेवढी ओळ नक्की वाचा. बिल सापडत नसेल तर दुकानात फोन नंबरवरनं काढून मागा, जीएसटीचं पक्कं बिल असेल तर त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये ते बहुतेक मिळतं.